आबासाहेबांचं पाखरू

झरी गावात दगडाबाईंच्या अल्बमात आपण कुठं बसलोय, हे ज्याला त्याला ठाऊक असतं. ‘आपल्याला काय फरक पडतो’ असंही जो तो सांगतो. सांगताना आवाज जरा चढतो, तेवढ्यावरून काय ते समजून घ्यायचं.

अल्बम मूळचा लग्नाचा. दगडाबाईंच्या एकुलत्या एका लेकाच्या, बजरंगच्या. लाल मखमलीचं कव्हर, त्यावर सोनेरी गणपती, आत प्लास्टिकचे कप्पे. फोटोग्राफर जिंतूरचा होता आणि त्याचं सगळं लक्ष आहेराकडे. नवरा-नवरी त्याला कमीच दिसले. पातळाची घडी हातात धरून कॅमेऱ्यात डोळे वटारणारे सोयरे मात्र एकूण एक सापडले. ही तोंडं दगडाबाईंनी काही वर्षं सोसली. मग एका दुपारी सगळे सोयरे कप्प्यांतून उपसून बिस्किटांच्या डब्यात कोंबले आणि त्यांच्या जागी पोष्टाची तिकिटं लावली. फुलपाखरांची.

बरं, लावायची म्हणून लावली नाहीत. ज्याचा फोटो निघाला, त्याच्या कप्प्यात त्याच्याच ढंगाचं पाखरू. तात्याराव म्हणजे भावकीतला किराणा दुकानदार, गल्ल्यावर बसून अख्ख्या गल्लीच्या चुलीवर काय शिजतंय ते सांगणारा. त्याच्या कप्प्यात तपकिरी पाखरू, पंखापंखावर टपोरे डोळे. किशनराव माजी सरपंच. त्यांच्या जागी असं एक, जे पंख उघडले की झळझळीत निळं-केशरी दिसतं आणि मिटले की नुसतं वाळकं पान. निवडणूक आली की उघडायचं, झाली की मिटायचं. खुद्द बजरंगच्या सासूबाईंच्या जागी पिवळंधमक, सोन्यानं मढलेलं. आता ते सोनं लग्नापुरतं कुणाकडून मागून आणलं होतं, हे इथं सांगण्याचं कारण नाही. तिकिटावर पाखराचं खरं नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं. सून ज्ञानेश्वरी ते वाचून दाखवते, दगडाबाई ऐकून घेतात आणि सोडून देतात. तात्यारावाला तात्याराव म्हणायचं सोडून आणखी काय म्हणायचं?

दगडाबाईंच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून आईबापांनी हिचं नाव दगडा ठेवलं. दगडाला कोण कशाला दृष्ट लावतंय. दृष्ट लागली नाही, पण नावाचा गुण लागला. एकदा बसल्या की हलायच्या नाहीत. झरीत लग्न होऊन आल्या, नवऱ्याबरोबर काही हंगाम ऊसतोडीला जाऊन आल्या. नवरा कावीळ होऊन गेला, तेव्हा बजरंग अजून चड्डीत होता. थोरले दीर आबासाहेब म्हणाले, घरात बसून राहा, दोन घास मिळतील. दगडाबाईंनी दोन घास नाकारले आणि परभणीची यष्टी धरली. कृषी विद्यापीठात रोजंदारी मिळाली, तीही कीटकांच्या खात्यात.

काम काय, तर कापसाच्या वावरात कामगंध सापळे टांगायचे, त्यात अडकलेले बोंडअळीचे पतंग गोळा करून साहेबांपुढे ओतायचे, मग ऑफिस झाडायचं. दिवसभर मेलेली पाखरं. आणि एका संध्याकाळी झाडताना कचऱ्याच्या टोपलीत एक जितं निघालं. देशोदेशीची पाकिटं तिथं यायची, त्यातल्या एकाच्या तिकिटावर निळंभोर पाखरू बसलेलं, आत्ता उडेल असं. “साहेब, हे घेऊ का?” साहेब मान वर न करता म्हणाले, “घ्या.” त्या ‘घ्या’वर दगडाबाईंनी पुढं कितीक वर्षं काढली. साहेब बदलले, टोपली तीच राहिली.

गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. कापसाच्या गावात पाखराचं कौतुक म्हणजे मांजरीनं उंदराची तसबीर लावावी, तशातला प्रकार. तात्याराव तर भर दुकानात म्हणाला, “आमी फवारे मारून मरायलोत, अन् काकू, तुमी त्याच अळीची लेकरं अल्बमात पोसायलाव.”

“पोसायलेच,” दगडाबाई म्हणाल्या. “तुझ्या फवाऱ्यानं मरणार न्हाई असं एवढंच पाखरू ऱ्हायलंय जगात.”

तिकिटं जमवणारे परभणीचे एक सद्गृहस्थ मुद्दाम बघायला आले होते. कप्प्यात हलू नये म्हणून प्रत्येक तिकिटाच्या पाठीला खळीचा ठिपका लावलेला बघून ते बिचारे कळवळले. बाई, म्हणाले, खळ लावलीत, सगळी किंमत गेली. दगडाबाईंनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, “तुमी तुमचे सोयरे इकता का?”

आता आबासाहेब. एकाच अंगणात दोन घरं, मधे कमरेएवढी भिंत. थोरल्या दिरासमोर बाईनं पदर घ्यायचा आणि थेट बोलायचं नाही, ही त्या घराची रीत. दगडाबाईंनी रीत पाळली. पण अशी पाळली, की आबासाहेबांना वाटावं, त्यापेक्षा ही थेट बोलली असती तर परवडलं असतं. बोलणं सगळं बजरंगला, नाहीतर शेळीला, नाहीतर भिंतीला. आबासाहेब अंगणात चूळ भरायला लागले की इकडून शेळीला आवाज यायचा, “दुसऱ्याच्या दारात घाण करू न्हाई गं बाई, तुला तरी अक्कल हाय का?” आबासाहेब चूळ गिळायचे. त्यांचंही उत्तर भिंतीलाच, “मोठ्या घरच्या बायांनी जिभेला लगाम घालावा.” भिंतीनं दोघांचंही ऐकून घेतलं.

अल्बमात एकच कप्पा रिकामा होता. आबासाहेबांचा. लग्नात त्यांच्या फोटोची गंमत अशी झाली की मानाचा पहिला फेटा त्यांच्याऐवजी बोरीच्या मेव्हण्याला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, गयाबाईंच्या नवऱ्याला बांधला गेला. आबासाहेबांनी त्याच क्षणी मांडवाकडे पाठ केली, आणि नेमका त्याच क्षणी फोटोग्राफरनं खटका दाबला. त्या दिवसापासून बोरीचं जाणं-येणं बंद, बोलणं बंद, फोनातला नंबरसुद्धा पुसला. गयाबाई तरी काय कमी? तिनंही पाठ फिरवली. शेवटी दोघंही एकाच आईची.

हा मामला असाच चालला असता. पण मागच्या वर्षी कापूस फुटायच्या दिवसांत पोस्टमन आला. आबासाहेब परभणीच्या बाजाराला गेलेले, म्हणून पाकीट दगडाबाईंच्या हातात ठेवून गेला. पाकीट आबासाहेबांच्या नावाचं. मागं ‘बोरी’. आणि पुढं, कोपऱ्यात, काळ्या पंखांवर पांढरे फराटे ओढलेलं पाखरू. सासूला आत्या म्हणणाऱ्या ज्ञानेश्वरीनं वाचलं, “अंदमानातलं हाय, आत्या.”

आता बाईंची अवस्था समजून घ्यायला हवी. रोजंदारी कधीच सुटली होती. देशोदेशीचे लोक पाकिटं टाकायचे थांबून कॉम्प्युटरवर लिहायला लागले होते. कित्येक महिन्यांत नवं पाखरू दारात आलं नव्हतं. शेळी सोडून वावराकडे निघायची घाई, कात्री कुठं दिसेना. तिकिटावर शिक्का बसला की त्याचं काम संपलं. पत्र त्यांचं, पाखरू आपलं, एवढा साधा हिशेब त्यांनी केला. कोपरा टरकन फाडला, पान-सुपारीच्या चंचीत ठेवला, पाकीट आबासाहेबांच्या दारात सरकवलं आणि वावराची वाट धरली.

कोपरा फाटलेलं पत्र म्हणजे काय, हे दगडाबाईंना ठाऊक नव्हतं असं कसं म्हणावं? त्यांच्या वयाच्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. कुणी गेलं की कार्डाचा कोपरा फाडून ते पोष्टात टाकायचं. ज्याला मिळेल त्यानं ते उंबऱ्याच्या आत न्यायचं नाही. पण हल्ली मरणसुद्धा फोनवर येतं, हार घातलेल्या फोटोसकट. ती रीत डोक्यात यावी तर मधे पाखरू आडवं बसलेलं.

आबासाहेब बाजारातून आले. दारात पाकीट. मागं बोरी. कोपरा नाही.

त्यांनी ते उघडलंसुद्धा नाही. पायरीवर बसले, टोपी काढून ठेवली, आणि कधी कुणी ऐकला नव्हता असा हंबरडा फोडला, “गया गेली रे.” बजरंग धावत आला. म्हणाला, “काका, फोन करून बघू का?” आबासाहेब म्हणाले, “मयताच्या घरी फोन करून इचारतेत व्हय रे, खरंच मेली का म्हणून?” गल्लीतल्या बायांनी गळे काढले, तात्यारावानं दुकान बंद करून जीप काढली, आणि वावरातून परतलेल्या दगडाबाईंना हातपाय धुवायची उसंत न देता ज्ञानेश्वरीनं जीपमध्ये बसवलं.

दगडाबाई खरंच रडत होत्या. गयाबाई त्यांच्यापेक्षा लहान. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात त्या घरात त्यांच्याशी हसून बोलणारं तेवढंच एक माणूस. जीप जिंतूरच्या रस्त्याला लागली, आणि पुढच्या सीटवरून आबासाहेब तात्यारावाला सांगायला लागले, “कोपरा असा टरकावलेला, तात्या. बघितलं अन् उघडायची गरजच पडली न्हाई.”

दगडाबाईंचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं. हात चंचीवर गेला.

“ज्ञानेश्वरी,” त्या कानात म्हणाल्या, “कंचा कोपरा, इचार की.”

“कोपरा म्हंजे कोपरा, आत्या. आता काय करायचंय त्याचं?”

“तिकिटाकडचा का, तेवढं इचार.”

ज्ञानेश्वरीनं सासूकडे बघितलं, मग चंचीकडे बघितलं, मग पदराचा बोळा तोंडात कोंबला. खांदे हलायला लागले. मागच्या बायांना वाटलं, किती जीव होता पोरीचा आत्तेसासूवर. जरा वेळानं ती कशीबशी म्हणाली, “आत्या, आत्ताच्या आत्ता सांगून टाका.”

“मी त्येंच्यासंगं बोलत न्हाई.”

“मग मी सांगते.”

दगडाबाईंनी तिचा हात दाबून धरला. त्या क्षणी त्यांच्या मनात जे आलं, ते लबाड म्हणा की आणखी काही. जीप बोरीच्या वाटेला होती. आबासाहेब त्या जीपमध्ये बसलेले होते. जित्या माणसासाठी ते कधी बसले नसते.

“गप बस,” त्या म्हणाल्या. “गयाबाई जिती हाय न्हवं? मग जाऊन बघू तरी. लय दिवस झाले तोंड बघून.”

बोरीत गयाबाईंच्या दारापुढं मांडव दिसला, तेव्हा बायांनी आणखी वरचा सूर लावला. मांडव बारशाचा होता. पणतीचं बारसं दोन दिवसांवर आलेलं. फोनवर बोलायचं नाही, पण भावाला आमंत्रण तर गेलं पाहिजे, म्हणून गयाबाईंनी नातवाच्या हातून पत्रिका टपालानं पाठवली होती. ही सगळी हकिकत मागाहून कळली. त्या घडीला फक्त एवढं झालं, की हातांना कणीक लागलेल्या गयाबाई बाहेर आल्या, दारात माहेरचं सगळं गणगोत विस्कटलेल्या केसांनी रडताना बघितलं, आणि झरीत कुणीतरी गेलं असं समजून त्यांनीही गळा काढला. सरळ दगडाबाईंच्या गळ्यात पडल्या.

“कोण गेलं गं वैनी?”

दगडाबाई म्हणाल्या, “तुमी.”

पुढचा देखावा बोरीत अजून करून दाखवतात. आबासाहेब मांडवाच्या खांबाला धरून उभे होते. बहिणीनं त्यांच्याकडे बघितलं, कणकेच्या हातानं डोळे पुसले आणि म्हणाली, “दादा, माझ्यासाठी रडलास व्हय?”

“धूळ गेली डोळ्यात,” आबासाहेब म्हणाले. पाण्याच्या तांब्याला हात न लावता ते जीपमध्ये जाऊन बसले. झरी येईपर्यंत मधून मधून ज्ञानेश्वरीला ठसका लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात भावकी बसली. आबासाहेब खुर्चीवर, किशनराव बाजेवर, तात्याराव भिंतीला टेकून. मधे बजरंग, कारण निरोप्याचं काम त्याचं. भिंतीपलीकडे पदर घेतलेल्या दगडाबाई, आणि पाण्याच्या बंबाखाली जाळ. जाळ मुद्दाम ठेवलेला.

“बजरंग,” आबासाहेब म्हणाले, “तुझ्या आईला सांग. आमची इज्जत दोन गावांत धुळीला मिळाली. ते पाखरांचं बाड आत्ताच्या आत्ता ह्या जाळात टाकायचं. न्हाईतर ह्या घरच्या कार्याला, पंगतीला तिनं पाय ठेवायचा न्हाई. फैसला झालेला हाय.”

बजरंगनं आईकडे तोंड फिरवलं. “आई, काका म्हणायलेत...”

“ऐकू आलं. मी बहिरी न्हाई. तुझ्या काकाला म्हणाव, जाळायच्या आधी ज्याचं त्यानं आपापलं काढून न्यावं. लोकाचे सोयरे जाळल्याचं पाप मला नको.”

हे वाक्य दगडाबाईंनी मोठ्या हिकमतीनं टाकलं होतं. त्यांनी अल्बम आणून भिंतीवर उघडा ठेवला. इतकी वर्षं सगळ्यांनी नुसतं ऐकलेलं, गावात आपल्या डोळ्यांनी बघितलेलं कुणी नव्हतं. तात्याराव भिंत सोडून पुढं सरकला.

“हे मी?” तो म्हणाला. “काकू, माझे डोळे एवढे हायेत व्हय?”

“पाठीला बी हायेत. तुझे तुलाच दिसत न्हाईत.”

तात्यारावानं ते पाखरू मान वाकडी करून करून बघितलं, आणि बोलला ते भलतंच. “बाकी रुबाबदार हाय. जाळता कशाला खामखा?” किशनराव बाजेवरून उठले. वाळकं पान त्यांच्या ध्यानात आलंच नाही, उघड्या पंखांचा निळा रंगच तेवढा दिसला. म्हणाले, “हे परदेशाचं हाय का? आमच्या पोराला फोटो पाठवायचा होता.” बायाही भिंतीशी जमल्या. पंचायतीची जत्रा झाली. बंबाखालचा जाळ विझायला आला, तो सारायला कुणी वाकेना.

“फैसला झालेला हाय,” आबासाहेब परत म्हणाले, पण ऐकायला भिंतच होती. आणि मग त्या भिंतीच्या पलीकडून आवाज आला. बजरंगला नाही, शेळीला नाही.

“न्हाई जाळणार.”

दगडाबाईंचा पदर डोक्यावरच होता, पण डोळे थेट आबासाहेबांच्या डोळ्यांत होते. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा.

“कोपरा मी फाडला,” त्या म्हणाल्या. “जीपमधी बसल्यावर मला कळलं होतं. तरी मी गप बसले. गयाबाई मेली म्हणून तुमी डोक्यावर टोपी न घालता पळत गेलात. जिती हाय म्हणून पत्रिका आली असती तर गेला असता का? सांगा. पाकीट अजून उघडलं न्हाई तुमी. मला पंगतीला बसवू नका, खुशाल बसवू नका. मी उद्या यष्टीनं बोरीला चाललेय, बारशाला. गयाबाईंच्या पंगतीला तुमचा फैसला चालत न्हाई.”

थेट बोलणाऱ्या भावजयीला काय उत्तर द्यायचं, याचा आबासाहेबांना सराव नव्हता. सगळ्यांना वाटलं, आता हे उठून अल्बम ओढणार. उठले खरे. भिंतीशी आले. अल्बमाची पानं उलटायला लागले. पुढून मागं, मागून पुढं. एका जागी थांबले.

“हा कप्पा मोकळा काहून हाय?”

तेही थेटच बोलले. त्यांच्या ध्यानात आलं नाही.

“तुमचा हाय,” दगडाबाई म्हणाल्या. “तुमचा फोटो पाठमोरा. पाठीवरून पाखरू वळखू येत न्हाई.”

“म्हंजे ह्या तात्याचं हाय, किशनचं हाय, अन् माझं न्हाई?”

“न्हाई. तुमच्यासारखं अजून कुण्या देशानं छापलं न्हाई.”

ही शिवी की स्तुती, हे आबासाहेबांना तेव्हाही कळलं नाही, अजूनही कळलेलं नाही. कळलं नाही म्हणूनच तर त्यांचा पाय अडकला. जाळायचा विषय त्या दिवशी मागं पडला तो पुन्हा निघालाच नाही, कारण ज्यात आपली जागा रिकामी आहे ते जाळायचं कसं? बारशाला ते गेले, पण दगडाबाईंच्या यष्टीनं नाही, मागच्या यष्टीनं. बोरीत पहिला फेटा कुणाला बांधला, हे मात्र दोन्ही गावं वेगवेगळं सांगतात. अंदमानचं ते पाखरू गयाबाईंच्या कप्प्यात गेलं. कणीक लागलेल्या हातांसारखे त्याच्या पंखांवरचे पांढरे फराटे.

तेव्हापासून आबासाहेबांना नवाच नाद लागलाय. परभणीला गेले की ओळखीच्या वकिलाकडे, जुन्या कागदांच्या दुकानात, कुठं कुठं उभे राहतात. म्हणतात, पाखराचं तिकीट असलं तर बघा हो. मिळालं की पाकीट आणून मधल्या भिंतीवर ठेवतात आणि खाकरतात. दगडाबाई येतात, पाखरू उन्हात धरून बघतात.

“हे बी न्हाई.”

“अहो, नीट बघा. डौल बघा त्येचा.”

“ह्येचा डौल हाय, पण हे फुलावर बसलंय. तुमी कधी कुणाच्या दारात बसलात?”

मग त्यांच्या डोळ्यांदेखत कोपरा टरकन फाडतात, पाखरू चंचीत टाकतात आणि कोपरा नसलेलं पाकीट त्यांच्या हातात देतात. आबासाहेब ते घेऊन जातात. उंबऱ्याच्या आत नेतात, हे विशेष.

परवा पिठाचा डबा घासायला रिकामा करताना ज्ञानेश्वरीला त्याच्या तळाशी, कापडाच्या घडीत, एक तिकीट सापडलं. कुठल्याशा देशाचं, जुनं. मोठं, राखाडी, मिशांना ताव दिल्यासारखं पाखरू, बघणाऱ्याकडे पाठ करून एकटंच दगडावर बसलेलं. ती बघतच राहिली. “आत्या, हे तर काका हायेत. हुबेहूब. कधीचं हाय हे?”

“तुझ्या लग्नाच्याही आधीचं.”

“मग लावत का न्हाई? किती दिवस हिंडायलेत बिचारे.”

दगडाबाईंनी तिकीट तिच्या हातातून घेतलं, घडीत घातलं, डब्याच्या तळाशी ठेवलं आणि वरून पीठ ओतलं. भिंतीपलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

“लावलं की ते पुन्हा आबासाहेब व्हतील,” त्या म्हणाल्या, आणि पदर सावरून, ‘न्हाई’ म्हणायला बाहेर गेल्या.